वरातीपुढं

माधवनगरच्या मिलमधला जालिंदर सुटीला गावी आला की गिटार घेऊन रॉकच्या ढंगात स्वतःची मराठी गाणी ओरडायचा. ऐकायला कुत्रंही नसायचं. मग एका सुटीत पाटील दारात आला. "जाल्या, उद्या पोराच्या वरातीपुढं तुझी गिटार-फिटार वाजवत चाल. तुझा बापबी चालायचा हलगी घेऊन." जालिंदरला पहिल्यांदाच गावापुढं गायला मिळणार होतं. तरी तो म्हणाला, "आवं, चालत नगं. स्टेज बांधा, गातो." "स्टेज? तुझ्या बापानं कवा मागितलं रं?" "न्हाई मागितलं," बाप आतून बोलला. "म्हणूनच बौद्ध झालो तवा हलगी जाळली." पाटील थुंकून गेला. दुसऱ्या संध्याकाळी बापानंच बॅटरीवरचा कर्णा विहाराच्या ओट्यावर बांधला. वरात समोर येताच जालिंदर ओट्यावर चढून गायला लागला. बँडवाले थांबले. वऱ्हाड ऐकत थांबलं. पाटील "चला रं" ओरडत राहिला. नवरदेवाचा घोडा एकटाच पुढं गेला.