समुद्राचं मावंदं

पुरुषांची पंगत बसली होती. पत्रावळींवर पुरणपोळ्या पडल्या, त्यांवर तुपाची धार पडली, आणि पहिल्या पाटावर बसलेल्या नानाजींनी तळहात पुढे केला. आंजी गावात यात्रेहून कुणी परतलं की मावंदं, म्हणजे गावजेवण, होतं. तिथून आणलेलं तीर्थ आधी, घास नंतर.

"द्या, आंबाबाईचं तीर्थ द्या," नानाजी म्हणाले.

आनंदाबाई तांब्याचा गडवा घेऊन जागीच थांबली. गडव्यात तिनं प्लॅस्टिकच्या बाटलीतून जपून आणलेलं पाणी होतं, वर झेंडूचं एक फूल. नव्व्याण्णव सालच्या त्या हिवाळ्यात वर्ध्याहून एका ट्रॅव्हल्सची बस निघाली होती, 'डोंगर ते समुद्र' अशी पाटी लावून. सेवाग्रामच्या दवाखान्यात नोकरीला असलेल्या भाचीनं, सुरभीनं, मावशीला त्या बसमध्ये बसवलं. कोल्हापूर वाटेवर होतं, हे खरं. बस तिथं चहापुरती थांबली आणि निघाली. पण बायको नुसती फिरायला गेली, हे गावात सांगायचं कसं? म्हणून नत्थूजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, गावाला सांगताना तिला परस्पर देवीचं दर्शन घडवून टाकलं होतं. आज सकाळी चुलीजवळ येऊन बजावलंही होतं, की विचारलं तर कोल्हापूर म्हन, विषय संपला.

खरं सांगितलं तर पंगत उठेल, हे तिला कळत होतं. न जेवता उठलेली पंगत गाव वर्षानुवर्षं विसरत नाही. गप्प राहिलं तर सगळं सुरळीत पार पडलं असतं. पण मग ती जिथं जाऊन आली होती, तिथं गेलीच नव्हती असं झालं असतं.

"हे आंबाबाईचं नाई," ती म्हणाली. "समुद्राचं पानी हाये."

नानाजी म्हणजे तिचे थोरले भासरे, नत्थूजींचे मोठे भाऊ. त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर पुढे ओढायचा आणि आवाज घशात ठेवायचा, ही घरची शिस्त. त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"नत्थू, तुही बायको काय म्हनून राह्यली?"

नत्थूजी वरणाच्या बादलीत पाहत राहिले.

"त्याईले काऊन विचारता? गेलती मी," आनंदाबाई म्हणाली.

नानाजींनी आता मान वर केली. "तिथं देव कोनता?"

"कोनताच नाई."

"मंग हे मावंदं कायचं? हवा खाऊन आलेल्या बाईचं?"

पंगतीत कोणीतरी खिक्कन हसलं. त्या हसण्यानं तिची उरलीसुरली भीती गेली. तिला राग आला, आणि चांगलाच आला.

"तीस वर्षं तुमच्या मांगं देवाले आली, नानाजी. हर वेळी लाइनीत उभी राह्यली अन् समोरच्या बाईची पाठ पाहून घरी आली. देव दिसला असन तं तुमाले दिसला असन. तिथं म्या डोळे भरून पाह्यलं. कड्यावर उभी होती, खाली दरी. केसातलं फूल दरीत टाकलं, तं हवेनं ते वर आनून माह्याच अंगावर फेकलं. मंग गाडी घाटातून उतरत गेली, उतरत गेली, अन् पुढं जमीनच सरली. नुसतं पानी अन् ऊन. माहे हात आपसूक जोडल्या गेले. कोनी सांगतलं नवतं." तिला दम लागला, पण ती थांबली नाही. "म्हनून मावंदं. ज्याले उठायचं त्यानं उठा. मी खोटं सांगून वाढनार नाई."

नानाजी उठले. आरडाओरडा नाही, काही नाही, पोळीला बोटही न लावता उठले. त्यांच्यामागे आणखी दोघं-तिघं उठले. बाकीचे अर्धवट उठून नत्थूजींच्या तोंडाकडे पाहू लागले.

"दादा, बसा ना. बायकाईचं काय मनावर घेता," नत्थूजी म्हणाले. दादा दारात चपलेत पाय घालत होते.

आनंदाबाईला रडू येत होतं. पण गडवा तिनं खाली ठेवला नाही.

तिची थोरली जाऊ सीताबाई, नानाजींची बायको, पंगतीत तूप वाढत होती. नवरा उठला म्हणजे तीही निघणार, हे सगळे धरूनच चालले होते. नवऱ्याचं जेवण झाल्याशिवाय तिनं लग्न झाल्यापासून कधी अन्नाला हात लावला नव्हता. नानाजी तिच्यासाठीच दारात थांबले होते.

"चाल वो," ते म्हणाले.

सीताबाईनं तुपाचं भांडं भिंतीशी ठेवलं. पदराला हात पुसले. मग गुडघ्यावर जोर देत ती हळूच खाली बसली, भर पुरुषांच्या पंगतीत, नानाजींच्या रिकाम्या पाटावर. आणि तिनं तळहात पुढे केला.

आनंदाबाईनं त्यावर पळीभर पाणी घातलं. सीताबाईनं ते तोंडात घेतलं, डोळे घट्ट मिटले आणि गिळून टाकलं.

"आई वो! खरंच खारं हाये," ती म्हणाली. तोंड वाकडं झालं होतं, पण ती हसत होती.

"चाल म्हनलं ना!" दारातून पुन्हा आवाज आला.

सीताबाईनं नवऱ्याची पत्रावळ आपल्याकडे ओढून घेतली.

"आनखी तूप वाढ वो आनंदा," ती म्हणाली, "पोळी थंडी होऊन राह्यली."