दोघांचा अल्बम

पहिलं गाणं संपलं, दुसरं सुरू झालं, तरी दादाची गिटार आली नाही.

तो स्टुडिओतल्या सोफ्यावर पुढे वाकून बसला होता. कामावर अर्धा दिवस रजा टाकून, इस्त्रीचा शर्ट घालून, खास अल्बम ऐकायला आला होता. शेजारी बहीण. स्टेजवर अंगात आल्यासारखी रॉक गाणारी, माईक स्टँडसकट उचलून फिरणारी ही बाई आज दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन बसली होती.

समोर यंत्रांपाशी मास्तर. सगळे त्यांना मास्तरच म्हणायचे. उभा जन्म ऱ्हिदम अँड ब्लूजमध्ये गेलेला माणूस. मंद ठेका, खोल बेस आणि गाणाऱ्याच्या भोवती मोकळी जागा, एवढीच त्यांची विद्या. रेकॉर्ड कंपनीनं तिच्या या अल्बमसाठी त्यांना मुद्दाम आणलं होतं.

तिसऱ्या गाण्यात गिटार वाजली. एक छोटासा तुकडा, भिंतीपलीकडून आल्यासारखा. दादानं मान वर केली. पुढच्या ओळीला परत नुसता बेस आणि तिचा आवाज.

आवाज चांगला लागला होता. तिलाही ते कळत होतं. या गाण्यांत ती कुणाच्या तरी कानाशी बोलावं तशी गात होती. ऐकताना तिला आनंद झाला नाही, लाजही वाटली नाही. दात काढण्याआधी इंजेक्शन दिलं की गाल आपला वाटत नाही, तसं तिचं सगळं अंग झालं होतं.

शेवटचं गाणं संपलं.

"छान झालंय," दादा म्हणाला. मग जरा थांबून, "मी एवढं वाजवलं होतं, ते?"

"आहे ना, जपून ठेवलंय," मास्तर म्हणाले. "वाईट नव्हतं हो. पण तुम्ही भावंडं एकाच दारातून एकदम आत शिरता, मग दोघंही दारातच अडकता. म्हणून मी ठरवलं, की..."

"राहू द्या, मास्तर," ती म्हणाली. स्वर सपाट होता. "दादा, त्यांनी मला दोन्ही ऐकवलं होतं. तुझ्या गिटारसकट आणि गिटारशिवाय. निवडलं मी."

"कधी?"

"मागच्या महिन्यात."

मागच्या महिन्यात तोच तिला रोज गाडीवरून इथे आणून सोडत होता.

दादानं मान हलवली. मग थोडं हसला. "खालच्या मजल्यावरचे काका आपल्या लहानपणापासून सांगत होते, ती गिटार बंद करा, म्हणजे पोरगी काय गाते ते तरी कळेल. शेवटी काकांचंच खरं झालं."

मास्तर हसले आणि लगेच यंत्रांकडे वळले. ती हसली नाही. माफी मागायला हवी, हे तिला कळत होतं. शब्दही तयार होते. तोंड उघडलं नाही.

दादाचा फोन वाजला. आईचा होता.

"हो, आत्ताच ऐकलं... अगं खरंच छान झालंय." बोलत बोलत तो काचेपाशी गेला. काचेपलीकडची रेकॉर्डिंगची खोली रिकामी होती. "हो, आहोत ना दोघंही. सगळ्या गाण्यांत... तू कशाला काळजी करतेस?"

मग त्यानं फोन बहिणीपुढे धरला. "घे. तिला तुझ्या तोंडून ऐकायचंय."

तिनं फोन कानाला लावला.

"दादाची गिटार चांगली वाजलीय ना गं?" आई विचारत होती. "तो स्वतःचं कधी सांगायचा नाही."

दादा पाठमोरा उभा होता.

"हो, आई."

"अगं, जरा मोठ्यानं बोल," आई म्हणाली. "काहीच ऐकू येत नाही."