मेथीची जुडी
श्रावणात शरदचंद्र फणसवाडीतून मुद्दाम दादरला येऊन कोळीण राधाबाईंकडून कोलंबी घेत. राधाबाई पिशवीत कोलंबीवर मेथीची जुडी ठेवत. तीस वर्षांत घरी कुणाला पत्ता लागला नव्हता. आज मात्र ते तणतणतच आले. "तुमच्या त्या नव्या मासळीच्या अ‍ॅपने वाट लावली! घरात पूजा, माझ्या मोबाइलवरची आरती टीव्हीवर लावलेली, आणि मधेच पडद्यावर मेसेज: 'शरदचंद्रजी, तुमची बुधवारची कोलंबी आलीय!'" राधाबाई मुलावर उखडल्या. "रूपेश, गिऱ्हाइकांची माहिती कुणाला दिलीस?" "अ‍ॅपच्या कंपनीने मागितली, आई. सगळं एन्क्रिप्टेड असतं, बाहेरचं कुणी वाचू शकत नाही." "मेल्या, बाहेरच्यांचं कोण विचारतंय? घरच्यांनी वाचलं! आधी पुसून टाक." "आपण पुसलं तरी त्यांच्याकडे राहतंच." राधाबाईंनी कपाळावर हात मारला आणि सवयीने कोलंबी भरून वर जुडी ठेवली. शरदचंद्रांनी कोलंबी काढून परत दिली. "आजपासून नुसती मेथीच द्या."