उद्घाटनाची फीत

सभापती अकराला येणार होते. एक वाजला, तरी आरोग्य केंद्राच्या दाराशी उद्घाटनाची लाल फीत ताणलेलीच होती. फितीच्या आत, बर्फाच्या पेटीत, साथीवरची लस होती. आणि बाहेर, उन्हात, सकाळपासून तिष्ठणारे साठ वृद्ध.

पंधरा वर्षांच्या सेवेत डॉ. कालिंदींनी वरिष्ठांना विचारल्यावाचून एक पाऊल उचलले नव्हते. त्यांनी पुन्हा फोन लावला. "साहेब जेवायला बसलेत," स्वीय सहायकाचा आवाज रांगेपर्यंत पोचला. "फीत कापल्याशिवाय एकही सुई टोचू नका. फोटोवाला आम्हीच आणतोय."

रांगेतल्या पहिल्या कोंडाबाई कडवट हसल्या. "डाक्टरीणबाई, रोगाला कळवलंय का, सायेब जेवत्यात म्हणून? मागल्या मंगळवारी माझ्या धन्याला न्यायला त्यो बिनबोलावता आला!"

कालिंदींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सभापतींचा संताप आलाच. परंतु त्याहून दाहक होता तो स्वतःच्या पंधरा वर्षांच्या आज्ञाधारकतेचा. तबकातली कात्री उचलून त्यांनी फीत कापली.

"आत या, कोंडाबाई. पहिला मान तुमचा."

सभापती साडेतीनला हारतुऱ्यांसह अवतरले. दारी लोंबणारी फीत पाहून ते गरजले, "हे कोणाच्या हुकमाने?"

"माझ्या," समोरच्या दंडावरून नजर न काढता कालिंदी म्हणाल्या. "माझी बदली खुशाल करा. पण आपणही साठीपुढचे आहात. लस हवी असेल, तर रांगेत शेवटी उभे राहा."