विषयबदलाचा अर्ज

"सही कर."

तिने मान हलवली. गॅरेजवाल्याने तिचा उजवा हात ओट्यावर दाबून धरला आणि पाना उचलला. दोन फटके बसले. पहिल्याला ती ओरडली. दुसऱ्याला तिच्या तोंडून आवाजच फुटला नाही.

स्वयंपाकघराच्या दारातून म्हातारी म्हणाली, "बोटंच मोडलीस. आता सही काय पायाने करणार आहे ती?"

"आई, तू मध्ये पडू नकोस."

"मी कुठे पडतेय? तिच्या आईने लाडावून ठेवायची आणि निस्तरायचं आपण."

अर्ज विषयबदलाचा होता. अकरावी सायन्सला गणिताऐवजी भूगोल. गणितवाल्यांचं कॉलेज चारला सुटे, भूगोलवाले बारालाच मोकळे होत. गॅरेजवर चार कारागीर होते आणि त्यांचे डबे दुपारी एकला लागत.

"शिकवेन म्हणाला होतात," ती भिंतीला टेकून म्हणाली.

"शब्द दिला होता. पाळतोय की! कुठले विषय, ते कुठे ठरलं होतं?"

म्हातारीला हसू आलं. गॅरेजवाल्याने अर्जावर सांडलेलं रक्त बाहीने पुसलं आणि कागद नीट घडी करून खिशात ठेवला.

दहावीला तिला गणितात शहाण्णव होते. निकालानंतर महिन्याभरात गाव सुटलं, मैत्रिणी सुटल्या. नव्या कॉलेजात पहिल्या चाचणीत तिला पंचवीसपैकी सहा मिळाले. फळ्यावरचं गणित तिला ओळखीचंच वाटेना. आकडे कमी आणि अक्षरं जास्त. मग ती कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता गणितं सोडवू लागली. दुसऱ्या चाचणीत एकवीस मिळाले. तो पेपर गॅरेजवाल्याने गॅसवर धरला. पेपर वाचवायला तिने हात पुढे केला, तेव्हा तिचा तळवाही त्याने तिथेच धरला.

कॉलेजात तिने कुणाला काही सांगितलं नाही. वर्गात तिचं नाव मफलर पडलं होतं. कितीही उकडलं तरी गळ्याभोवतीची ओढणी ती सैल करत नसे.

दुसऱ्या दिवशी गणिताच्या मॅडमनी तिला फळ्यापाशी बोलावलं. तिने खडू डाव्या हातात घेतला.

"मॅडम, मफलरने साइड बदलली!" मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं. वर्ग हसला.

मॅडम हसल्या नाहीत. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं फूटपट्टीच्या तुकड्याला चिंधीने बांधलेली होती आणि जांभळी पडली होती. मॅडमनी तिला बाहेर नेलं, तळव्यावरचा डाग पाहिला, मग ओढणीकडे हात नेला. तिने ओढणी इतकी घट्ट मुठीत आवळली की मॅडमनी हात मागे घेतला. मारणाऱ्याने गळाही सोडलेला नाही, असं त्या समजल्या.

"कोणी मारलं?"

तिने बांधलेला हात पाठीमागे नेला.

"घरच्यांना बोलावून आण."

"आत्ता येणार आहेत. ऑफिसात, अर्ज द्यायला."

ऑफिसच्या खिडकीशी कारकून गॅरेजवाल्याला सांगत होता, "विद्यार्थिनीची सही नाही. असा अर्ज घेता येत नाही."

"तिचा हात दुखावलाय."

"मग अंगठा चालेल."

"कोणी दुखावला?" मॅडम मागून म्हणाल्या.

गॅरेजवाला वळला. चाळिशीचा, कानांजवळ केस पिकलेला, अंगापिंडाने दांडगा माणूस. मॅडमच्या मागे उभी असलेली ती त्याला दिसली.

"पडली," तो मऊ आवाजात म्हणाला.

"आणि तळव्याने गॅस विझवला? बाप आहात की कसाई?"

त्याने अर्ज हळूच आपल्याकडे ओढला.

"अजून सतरा पूर्ण नाहीत तिला. मी आत्ता फोन उचलला ना, तर आजचा मुक्काम कोठडीत!"

गॅरेजवाल्याचा चेहरा उतरला. एवढा दांडगा माणूस हुज्जत घालणार, आवाज चढवणार, म्हणून कारकून खुर्चीतून अर्धा उठला होता. तसं काही झालं नाही.

"चुकलं, मॅडम. घेऊ दे तिला गणित. पोलीस तेवढे नकोत. घरातली गोष्ट आहे."

तो इतक्या लवकर नमला, याचं मॅडमना जरा नवल वाटलं. पण वेळ न दवडता त्यांनी विषयबदलाचा अर्ज फाडला, कोरा कागद ओढला आणि स्वतःच्या हाताने हमीपत्र लिहिलं: विद्यार्थिनीचं वय सोळा, तिचा गणित विषय कायम राहील, तिला पुन्हा मारहाण होणार नाही. खाली सही, आणि सहीखाली नातं. गॅरेजवाल्याने न वाचता सही ठोकली. नात्यापुढची जागा त्याने मोकळीच ठेवली. "एवढंही लिहिता येत नाही का?" असं पुटपुटत मॅडमनीच तिथे 'वडील' लिहिलं.

"आता तू वाच आणि सही कर," त्या तिला म्हणाल्या. "फाइलला लागलं की तुझं गणित पक्कं."

तिने कागद वाचला. पुन्हा एकदा वाचला.

"मॅडम, यात एक चूक आहे."

"चल, झालं ना तुझ्या मनासारखं!" गॅरेजवाल्याने तिचं कोपर धरलं. त्याची बोटं रुतली तशी तिने दातावर दात दाबले.

"हात काढा तिच्यावरून," मॅडम म्हणाल्या. "बोलू दे तिला. कुठली चूक, बाळ?"

तिने गळ्याभोवतीची ओढणी सोडून टेबलावर ठेवली. डाव्या हातात पेन घेतलं, 'वडील' या शब्दावर सावकाश एक रेघ मारली आणि शेजारी वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं: 'नवरा'.