निनादचा मग

अच्युतरावांनी पबचं जुनं दार ढकललं आणि बिअरच्या आंबूस वासानं ते उंबऱ्यातच थबकले. याच दारातून ते एकदा परत फिरले होते. पदवीदानाला ऑक्सफर्डला आले, तेव्हा निनाद म्हणाला होता, “बाबा, माझ्यासमोर नुसते बसा.” “असल्या जागी माझं पाऊल पडायचं नाही,” असं म्हणून ते चालू लागले होते.

आता त्यांनी लेकाचा फोटो पुढे केला, तो गेल्याचं सांगितलं. म्हाताऱ्या मालकिणीनं फोटो निरखला आणि वर पाहिलं. नेहमीच्या गिऱ्हाइकांचे मग छताला टांगले होते. त्यातला एक तिनं उतरवला, पुसला. “वडिलांना एकदा इथं बसवायचंय, म्हणायचा.”

अच्युतरावांना घाट आठवला. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. तुझ्या आईला जपीन, बहिणीचं लग्न करून देईन, सगळं कबूल करून झालं. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला.

“थोडी ओता,” ते म्हणाले. तिनं पंपाचा दांडा ओढून त्या मगात बिअर ओतली. तो घेऊन ते एका टेबलाशी बसले. एक कडू घोट त्यांनी कसाबसा गिळला आणि निनादचा मग समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे सरकवला.

“बसलो रे,” ते म्हणाले. “आता जा.”