साक्षीदाराचा अंगठा

त्रेसष्ट साली रस्त्यावरच्या अपघातांच्या नोंदी सुधाराव्यात म्हणून सरकारनं अनुदान दिलं, आणि बुलढाण्याच्या कचेरीत त्यासाठीचे नवे छापील फॉर्म तपासायचं काम रमाकांत कारकुनाकडे आलं.

डोणगावच्या रस्त्यावरचे अकरा फॉर्म पाहून त्याच्या मनात पाल चुकचुकली. गाड्या निराळ्या, मेलेली माणसं निराळी. पण साक्षीदाराचा अंगठा सगळीकडे एकच, मधोमध आडवा वण असलेला. अनुदान चालू राहावं म्हणून ते फॉर्म भरणारा हवालदार हिंमतराव बसल्या जागी अपघात रचतो आणि स्वतःचाच अंगठा उठवतो, असं त्यानं पक्कं धरलं.

दुपारी हिंमतराव नवे फॉर्म घेऊन आला, तेव्हा रमाकांतनं सरळ त्याचा हात धरून दोन्ही अंगठे पाहिले. वण नव्हता.

“मी काऊन लावू, साहेब? ते अंबूबाई सोताच येते. आजबी मह्यासंगंच आली.”

दारात एक म्हातारी उभी होती. तिच्या अंगठ्याला शाई आधीच लागलेली होती.

“कोणत्या अपघाताची साक्ष द्यायचीय?” रमाकांतनं दरडावलं.

“आजच्या. तारीख टाका नं, बापू.”

“आज कुठं झाला अपघात?”

म्हातारीनं खिडकीबाहेर पाहिलं.

“ते लिंबाखालची सायकल तुमचीच हाय नं?”